'सत्तांतर'च्या शेजारी ठेवायची पुस्तकं : प्राणी असे का वागतात?

रानपिंगळा

व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' इथल्या बहुतेकांनी वाचली असेल. वानरांच्या टोळीची सत्ता एका हुप्प्याकडून दुसऱ्याकडे कशी जाते, त्याची ती गोष्ट. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, साहित्य म्हणून तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला तिच्या शेजारी ठेवून वाचण्याजोगं एक पुस्तक सुचवायचं आहे, आणि त्या निमित्ताने प्राण्यांचं वागणं आणि त्याची उत्क्रांती या विषयावरच्या पुस्तकांची चर्चा व्हावी असं वाटतं.

पुस्तक म्हणजे सारा ब्लॅफर हर्डी यांचं 'द लंगूर्स ऑफ अबू', १९७७ सालचं. विषय आपलीच काळतोंडी वानरं, ठिकाण राजस्थानातलं माउंट अबू.

थोडं मागे जाऊ. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फिलिस जे या अमेरिकन संशोधिकेने उत्तर आणि मध्य भारतातल्या वानरांचा अभ्यास केला. तिला ती शांत, फारशी न भांडणारी दिसली. त्यानंतर काही वर्षांतच युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडला आले. त्यांनी बाहेरच्या नरांची टोळी येऊन जुन्या हुप्प्याला हुसकून लावताना पाहिली, आणि त्यानंतर नव्या हुप्प्याने अंगावर पिणारी पिल्लं मारल्याचंही नोंदवलं. एका टोळीतला एकमेव नर त्यांनी स्वतः पकडून बाजूला काढला, तर तिथेही तेच घडलं. जोधपूरला मोहनोत यांनीही अशाच नोंदी केल्या. मग प्रश्न उभा राहिला : हे वेडाचार आहेत की यात काही हिशेब आहे?

हर्डी अबूला गेल्या तेव्हा त्यांचा अंदाज असा होता की गर्दी वाढली की प्राण्यांचं डोकं फिरतं. पण तिथे त्यांना वेगळंच दिसलं. हल्ले करणारे नर बाहेरून नव्याने आलेले असत. टोळी हातात राहते ती सरासरी दोन-अडीच वर्षं. पिलू अंगावर पीत असेपर्यंत मादी माजावर येत नाही. दुसऱ्याचं पिलू मोठं होईपर्यंत थांबलेल्या नराची पाळी येईतो पुढचा दावेदार दारात उभा असतो. थांबणाऱ्या नराची संतती कमी, न थांबणाऱ्याची जास्त, आणि ही प्रवृत्ती काही अंशी जरी वारशाने येत असली तरी पिढ्यांमागून पिढ्या तीच टिकून राहणार.

पण मला या पुस्तकाचा खरा गाभा वाटतो तो माद्यांबद्दलचा भाग. तोवरच्या बहुतेक पुस्तकांत मादी म्हणजे नरांच्या भांडणातलं बक्षीस. हर्डींच्या माद्या डावपेच लढवतात. म्हाताऱ्या माद्या पिलाला वाचवायला हुप्प्याच्या अंगावर जातात. पोटुशी मादीसुद्धा नव्या नराशी संग करते, म्हणजे होणारं पिलू आपलं नाही असं त्याला खात्रीने म्हणता येऊ नये.

लगेच सगळ्यांनी मान डोलावली असं झालं नाही. फिलिस जे (तोवर त्यांचं आडनाव डॉल्हिनो झालं होतं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोरदार विरोध केला : ही गावाजवळची, माणसांनी खाऊ घातलेली, दाटीवाटीत राहणारी वानरं, त्यांचं वागणं बिघडलेलं आहे, प्रत्यक्ष डोळ्यांदेखत मारलेली पिल्लं थोडीच. आक्षेप बिनबुडाचे नव्हते. वाद वीसेक वर्षं चालला. निकालाच्या जवळ नेलं ते नेपाळमधल्या रामनगरच्या जंगलातल्या वानरांनी. कॅरोला बोरीस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वानरांच्या विष्ठेतून डीएनए मिळवला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पिल्लांवर हल्ले करणारा एकही नर त्या पिल्लाचा बाप नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की या विषयावरचं पुस्तक निवडताना त्यात प्राण्यांच्या नवलकथा किती आहेत हे पाहू नये. लेखकाला हे कसं कळलं, आणि दुसरं काही कारण असू शकेल का याचा त्याने किती पिच्छा पुरवला, ते पाहावं. तुम्हाला अशी कोणती पुस्तकं भेटली?

वऱ्हाडी_रान

रानपिंगळा, मस्त धागा. आमच्याकडे वानरं रोजचीच. संत्र्याच्या बागेत टोळी उतरली की नुकसानीशिवाय दुसरं काही सुचत नाही, पण नरांची वेगळी टोळी आणि बायापोरांची वेगळी, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

एक शंका. शाळेत शिकवलं होतं की प्राणी जे करतात ते आपली जात टिकावी म्हणून. पिल्लं मारून वानरांची जात कशी टिकते?

रानपिंगळा

नेमका तिथेच हात घातलात भाऊ. नाहीच टिकत. जातीच्या भल्याचा हिशेब मांडला तर पिल्लं मारणं हा निव्वळ तोटा. म्हणूनच ही वानरं सिद्धांताच्या दृष्टीने इतकी महत्त्वाची ठरली. नैसर्गिक निवड जातीच्या पातळीवर होत नाही. एकेका जीवाची आणि त्याच्या जनुकांची पुढच्या पिढीत किती नक्कल उतरते, यावर ती होते. १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी नात्यागोत्याचं गणित मांडलं (आपली जनुकं नातलगांतही असतात, म्हणून त्यांना मदत करणंही जनुकांच्या फायद्याचं ठरू शकतं) आणि जातीच्या भल्याची कल्पना मागे पडत गेली. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांच्या 'द सेल्फिश जीन'ने हाच विचार सामान्य वाचकापर्यंत नेला. ते पुस्तक वाचाच, पण शीर्षकावर थांबू नका. स्वार्थी जनुकांपासून परोपकारी प्राणी कसे घडतात हाच त्यातला मोठा भाग आहे.

सोनचाफा

लेख आवडला, पण अशा पुस्तकांची मला मनापासून भीती वाटते. 'नवा हुप्प्या पिल्लं मारतो, त्यात त्याचा फायदा आहे' हे वाक्य उद्या कुणीतरी सावत्र बापाबद्दल म्हणणार. मी बालकल्याणाच्या क्षेत्रात काम करते. 'निसर्गच असा आहे' हे वाक्य कुठे कुठे आणि कशासाठी वापरलं जातं ते रोज ऐकते. उत्क्रांतीवर लिहिणाऱ्यांनी ही जबाबदारी घेतली आहे का?

रानपिंगळा

सोनचाफाताई, ही भीती रास्त आहे आणि ती नोंदवल्याबद्दल आभार. सावत्र पालकांचा प्रश्न मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८८ च्या 'होमिसाइड'मध्ये थेट हाताळला आहे. एखादं वागणं कसं उद्भवलं याचं स्पष्टीकरण म्हणजे त्याचं समर्थन नव्हे, ही सीमारेषा मला तरी अजिबात पुसट होऊ द्यायची नाही. देवी कशी पसरते हे कळलं म्हणूनच ती हटवता आली.

आणि तुम्हाला मी हर्डींचंच २००९ चं 'मदर्स अँड अदर्स' सुचवेन. सुरुवातीलाच त्या विचारतात : माणसांनी भरलेल्या विमानाऐवजी चिंपांझींनी भरलेलं विमान असतं तर काय झालं असतं? कुणाची बोटं तुटली असती, तान्ही पिल्लं सुखरूप उतरली नसती. मग पुस्तकभर त्या दाखवतात की माणसाचं मूल आई एकटी वाढवूच शकत नाही. आजी, मावश्या, मोठी भावंडं, शेजारणी अशा अनेक हातांनी ते वाढतं, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची आपली ताकद त्यातून घडली असावी. अबूच्या वानरांवर लिहिणारी बाईच हे लिहिते, हे मला फार मोलाचं वाटतं.

सोनचाफा

हे नक्की वाचते. आमच्या वाचनगटालाही सुचवीन.

निळीशाई

कीटकांचा मुद्दा अजून आला नाही म्हणून लिहितो. या विषयातलं पहिल्या दर्जाचं काम आपल्या शेजारी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालं आहे. राघवेंद्र गदगकर आणि त्यांची रोपालिडिया मार्जिनाटा नावाची गांधीलमाशी. खिडकीच्या वर, छपराखाली कागदासारखं छोटं पोळं लटकवते, तिच्या जातीची ही.

पोळ्यातल्या सगळ्या माद्या दिसायला सारख्या. राणी आकाराने मोठी नाही. गदगकरांनी एकेका माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले आणि कोण काय करतं याची नोंद ठेवली. १९८० च्या दशकात एन. व्ही. जोशींबरोबर त्यांनी दाखवलं की माश्यांचे तीन गट पडतात : बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून अन्न आणणाऱ्या. राणी भांडणाऱ्यांत असेल असं कुणालाही वाटेल. पण ती बसणाऱ्यांत सापडली! या जातीची राणी अगदी सौम्य. तिला उचलून नेलं की मात्र काही मिनिटांत एक कामकरी माशी भयंकर आक्रमक होते, इतरांवर धावून जाते. राणी परत ठेवली तर ती पुन्हा आपल्या कामाला लागते. नाही ठेवली तर काही दिवसांत तीच राणी होते आणि हळूहळू सौम्य होते.

पुढची राणी कोण, हे राणी असताना आपल्याला कुठल्याच लक्षणावरून ओळखता येत नाही. पण पोळं मधोमध जाळीने विभागून, राणीला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला हलवून केलेल्या प्रयोगांवरून दिसतं की माश्यांना ते ठाऊक असतं. वारसदार ठरलेली असते आणि तिला कुणी आव्हान देत नाही. हे काम गदगकर आणि अनिंदिता भद्रा यांचं, २००८ चं. भद्रा पुढे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वागण्यावर काम करू लागल्या.

आता खरा 'का'. स्वतः अंडी घालायची सोडून दुसरीची पिल्लं का वाढवायची? मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्यांत नर निषेचन न झालेल्या अंड्यातून होतो. त्यामुळे राणीचा संग एकाच नराशी झाला असेल तर सख्ख्या बहिणींत तीन चतुर्थांश जनुकं सामाईक, म्हणजे आई आणि लेकीपेक्षा जवळचं नातं. सुंदर उत्तर. पण या जातीच्या राण्या अनेक नरांशी संग करतात, शिवाय पोळ्यात राण्या बदलत राहतात. नातं बरंच पातळ होतं. मग उरतं काय? गदगकरांचं एक उत्तर असं : एकटीने पोळं थाटलं आणि अळ्या मोठ्या होण्याआधी ती मेली, तर सगळं पाण्यात. गटात राहणारी कामकरी लवकर मेली तरी तिने अर्धवट वाढवलेली अळी दुसरी कुणी पुरी करते, तिच्या कष्टाचं काही ना काही पदरात पडतंच. धाग्यात वर म्हटलंय तसं, गोड वाटणाऱ्या उत्तरावर न थांबण्याचं हे उदाहरण.

सविस्तर वाचायचं तर त्यांचं २००१ चं 'द सोशल बायॉलॉजी ऑफ रोपालिडिया मार्जिनाटा', पण ते जड आहे. सुरुवात १९९७ च्या 'सर्व्हायव्हल स्ट्रॅटेजीज'पासून करा. बारीक पुस्तक आहे आणि जीवशास्त्र न शिकलेल्यालाही सहज वाचता येतं.

खडूफळा

निळीशाई, वाचनखूण साठवली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेत साहित्याची बोंब असते. मुलांना करून बघता येईल असं काही आहे का? नुसतं वाचून मुलांना प्रश्न विचारायची सवय लागत नाही.

निळीशाई

बाई, तुमच्यासाठीच जणू लिहिलेलं पुस्तक आहे. गदगकरांचंच 'एक्स्पेरिमेंट्स इन अॅनिमल बिहेवियर', भारतीय विज्ञान अकादमीने २०२१ मध्ये काढलेलं. जवळजवळ फुकटात करता येणारे प्रयोग हाच त्याचा विषय, आणि अकादमीच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतं.

नमुना म्हणून प्राण्यांच्या वागण्याचे डच अभ्यासक निको टिनबर्गन यांचा प्रयोग सांगतो. वाळूत बीळ करणारी, मधमाश्यांची शिकार करणारी एक गांधीलमाशी असते. ती बिळात असताना टिनबर्गननी बिळाच्या तोंडाभोवती पाइनची बोंडं गोल मांडली. बाहेर पडताना तिने घिरट्या घालून जागा पाहून घेतली आणि शिकारीला गेली. तेवढ्यात त्यांनी ते वर्तुळ थोडं बाजूला सरकवलं. परत आलेली माशी वर्तुळाच्या मधोमध उतरून बीळ शोधू लागली, खरं बीळ हाताच्या अंतरावर असताना! खर्च शून्य. तुमच्या आवारात माती उकरणाऱ्या माश्या असतील तर सागरगोटे मांडूनसुद्धा करता येईल.

टेकडीवरून

पुण्याचं उदाहरण राहायला नको. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेड्या राघूवर केलेला प्रयोग. हा पक्षी मातीच्या कडेत बीळ करून अंडी घालतो. बिळाकडे जाताना कुणी पाहत असेल तर तो आत शिरायला टाळाटाळ करतो, हे कुणालाही दिसेल. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : माणूस जवळ आहे म्हणून घाबरतो, की त्या माणसाला बीळ दिसतंय म्हणून? मग तेवढ्याच अंतरावर माणूस कधी अशा जागी उभा केला जिथून बीळ दिसतं, कधी अशा जागी जिथून आड येतं. बीळ दिसत नसलेल्या जागी माणूस असला की पक्षी जास्त निर्धास्तपणे आत जायचे. समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज एक चिमुकला पक्षी घेतो! २००२ मध्ये 'अॅनिमल कॉग्निशन' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. लागलं काय? एक माणूस, एक दुर्बीण, वही.

खडूफळा

हे आमच्या मुलांना जमेल. शाळेमागच्या ओढ्याच्या दरडीत दरवर्षी वेडे राघू बिळं करतात. बिळापासून किती लांब उभं राहायचं हे आधी नीट ठरवायला हवं, पिल्लांना त्रास नको. निळीशाई आणि टेकडीवरून, दोघांचेही आभार.

खारफुटी

आमच्या अलिबागकडची भर. सलीम अलींचं 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र म्हणून वाचलं जातं, पण त्यातलं किहीमचं प्रकरण या धाग्यात शोभेल. १९३० च्या पावसाळ्यात ते तिथे सुगरणींची वसाहत तासन्‌तास न्याहाळत बसत. तोवर समज होता की एक जोडपं मिळून एक घरटं विणतं. त्यांना दिसलं की नर अर्धं घरटं विणून थांबतो. मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर ठाण मांडते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं अर्धं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. ही निवड मादीची आहे, हे १९३१ च्या त्यांच्या निबंधात आलं आहे. जनुकांचे हिशेब सुरू व्हायच्या कितीतरी आधी!

जुनी_पेटी

फ्रेंच कीटक-अभ्यासक फाब्र यांना कुणी हात लावला नाही? कीटकांवर त्यांच्याइतकं सुंदर कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. १८७९ ते १९०७ या काळात दहा खंड. डार्विन त्यांच्या निरीक्षणाचा चाहता होता. त्याने सुचवलं म्हणून फाब्र यांनी रानमाश्या डब्यात बंद करून गरगर फिरवल्या आणि लांब नेऊन सोडल्या. तरी त्या घरी परतल्या.

आणि हाच माणूस उत्क्रांती मानत नव्हता. मला या विषयात तीच गोष्ट सगळ्यात विचार करायला लावते. इतकं अचूक पाहूनही कीटकाची सहजप्रेरणा पहिल्यापासून परिपूर्णच असली पाहिजे, अशी त्यांची धारणा. शिकारी गांधीलमाशी डंखाने शिकार लुळी करून पिल्लांसाठी जिवंत ठेवते; अर्धवट डंख मारणारी माशी ती जिवंत ठेवूच शकणार नाही, मग हे पायरीपायरीने कसं घडेल, असा त्यांचा युक्तिवाद.

मोहोळ

जुनी_पेटी, त्या युक्तिवादाला उत्तर एकाच कीटकात सापडत नाही, त्याच्या नातलगांत सापडतं. मी मधमाश्या पाळतो, म्हणून त्यांचंच सांगतो. सातेरी माशी अंधाऱ्या पेटीत, उभ्या पोळ्यावर नाच करते. वर म्हणजे सूर्याची दिशा, त्याच्या उजवीकडे अमुक कोनात धावली तर फुलोरा सूर्याच्या उजवीकडे तेवढ्याच कोनात. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं. इतका अमूर्त संकेत एकदम कसा उगवेल? फाब्र यांची अडचण हीच.

फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९५० च्या दशकात त्यासाठी श्रीलंकेला आले, कारण युरोपात मधमाशीची एकच जात. इकडे त्यांना फुलोरी नावाची छोटी मधमाशी भेटली. ती उघड्यावर, फांदीभोवती छोटं पोळं बांधते आणि पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते, सरळ फुलोऱ्याच्या दिशेने धावून. उभ्या पृष्ठभागावर तिला ते भाषांतर जमत नाही. आग्या माशीचं पोळं उघड्यावर, पण ती उभ्या पोळ्यावर नाचते. सातेरी अंधारात. तिन्ही पायऱ्या आजही जिवंत, आपल्याच रानात. नाच अशा क्रमाने घडत गेला असावा, हा त्यांचा कयास.

यावर पुढचं वाचायचं तर टॉमस सीली यांचं २०१० चं 'हनीबी डेमॉक्रसी'. थवा उठल्यावर नवं घर कसं ठरतं, हा विषय. म्युनिकमध्ये लिंडाउअर यांना थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या मळलेल्या, काजळी-धूळ लागलेल्या दिसल्या. फुलांवरून आलेली माशी अशी नसते. त्या घर शोधून आल्या होत्या. सीलींनी तो धागा उचलून झाडं नसलेल्या बेटावर थवे नेले, म्हणजे माश्यांना त्यांनीच ठेवलेल्या पेट्यांतून निवड करावी लागेल.

दक्षिणवारा

सगळ्यांचं वाचून समृद्ध वाटलं. एक गोष्ट मात्र लपवू नये. १९७३ चं नोबेल फॉन फ्रिश, टिनबर्गन आणि कोन्राड लोरेंत्स यांना मिळून मिळालं. लोरेंत्स यांचं 'किंग सॉलोमन्स रिंग' अजूनही अनेक यादीत पहिलं असतं. ते नाझी पक्षाचे सदस्य होते, आणि पाळीवपणामुळे वंश बिघडतो अशा धर्तीचं लिखाण त्यांनी त्या काळात केलं. त्याच युद्धात टिनबर्गन यांना नाझींनी ओलीस म्हणून तुरुंगवासात ठेवलं होतं. सोनचाफाताईंच्या भीतीला इतिहास आहे, एवढंच म्हणायचं होतं. पुस्तक वाचा, पण हे माहीत असू द्या.

सोनचाफा

दक्षिणवारा, खरंच आभार. हे इथे नोंदलं गेलं ते फार बरं झालं.

वऱ्हाडी_रान

रानपिंगळा, इंग्रजीतली पुस्तकं आमच्या पोरांना जड जातात. नेमकं काय आधी घ्यावं?

रानपिंगळा

भाऊ, पोरांना आधी 'सत्तांतर' द्या, आणि त्यासोबत बागेतल्या टोळीची वही घालायला सांगा : टोळीत नर किती, तान्ही पिल्लं किती, नरांची वेगळी टोळी कुठल्या दिशेला असते, हुप्प्या बदलला तर कोणत्या महिन्यात. मग इंग्रजीचा सराव झाला की गदगकरांचं फुकट मिळणारं पुस्तक, एकेक प्रकरण. 'लंगूर्स ऑफ अबू' जुनं आहे, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत चौकशी करावी लागेल. निळीशाई आणि मोहोळ, तुमच्या दोन्ही प्रतिसादांचे स्वतंत्र लेख व्हावेत अशी विनंती. आग्या माशीच्या पोळ्यावर उठणाऱ्या लाटांबद्दल मोहोळ यांनी लिहावंच. आणि खडूफळा बाई, मुलांच्या नोंदी इथे टाका. वेडे राघू बिळं धरतील तेव्हा हा धागा पुन्हा वर काढू.